नावेच्या बांध्यासाठी सामग्रीची निवड : इस्लापूर परिसरातील पैनगंगेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव सहस्रकुंड धबधब्यामुळे सर्वपरिचित आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा पुढे दीर्घ अंतर मराठवाडा व विदर्भ यांची सीमा म्हणून वाहते आणि अखेरीस वर्धा नदीस मिळते. इस्लापूरजवळ तिचे पात्र काळ्या कातळातून जाते व सहस्रकुंड येथे अनेक धारांनी खाली कोसळते. नदीच्या एका काठावर नांदेड जिल्हा आणि दुसऱ्या काठावर यवतमाळ जिल्हा. नातीगोती, बाजार व शेती यांचे व्यवहार मात्र दोन्ही काठांवर पसरलेले. अशा प्रदेशात नाव ही केवळ मासेमारीची वस्तू नसते. पूल दूर असेल तेथे ती पावसाळ्यातील वाट असते आणि पूर आल्यास जीव वाचविण्याचे साधन असते.

नाव बांधावयाची म्हटली की पहिला प्रश्न विचारला जातो तो सामग्रीचा : लाकूड घ्यावे, लोखंडी पत्रा घ्यावा, की फायबर घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘जे सर्वांत मजबूत ते घ्यावे’ असे दिले जाते. प्रस्तुत लेखात हे उत्तर अपुरे का आहे याचे विवेचन केले आहे. नावेचा तळ व बाजू मिळून जो पाणी अडविणारा मुख्य भाग होतो, त्यास येथे ‘बांधा’ असे म्हटले आहे. बांध्याची सामग्री निवडताना तीन प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. नाव कोणत्या पाण्यात चालणार आहे? ती पाण्याने भरली तर तिचे काय होईल? आणि ती फुटली तर गावातील कोणते हात ती दुरुस्त करतील? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच मजबुतीचा प्रश्न अर्थपूर्ण होतो.

१. पाण्याचे स्वरूप

मराठीतील नौकाबांधणीविषयीचे लेखन प्रामुख्याने कोकणकिनाऱ्याशी निगडित आहे. त्यातील अनुभव पैनगंगेस जसाच्या तसा लागू करता येत नाही. समुद्राच्या व खाडीच्या खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारे शिंपवर्गीय प्राणी असतात. त्यांच्यामुळे तेथील लाकडी नावेचा तळ आतून चाळणीसारखा होतो. नदीच्या गोड्या पाण्यात हा शत्रू नाही. तसेच खाऱ्या पाण्यात लोखंड ज्या वेगाने गंजते, त्या वेगाने ते गोड्या पाण्यात गंजत नाही.

मात्र मराठवाड्यातील नदीचे स्वतःचे संकट वेगळे आहे. पावसाळ्यात पात्र दुथडी भरते, तर उन्हाळ्यात केवळ डोह शिल्लक राहतात. परिणामी नाव वर्षातील अनेक महिने काठावर कोरडी पडून असते. कडक उन्हात लाकूड आक्रसते, फळ्यांमधील सांधे उघडतात आणि पहिल्या पावसात तीच नाव पाण्यात घातली तर ती गळू लागते. कोकणातील लाकडी नावेला पाण्यातील कीड खाते. पैनगंगेवरील नावेला ऊन खाते. वर ओल व आत कोंदट हवा अशा स्थितीत पडून राहिल्यास बुरशीमुळे लाकूड कुजते, ही आणखी एक बाब.

दुसरे वैशिष्ट्य पात्राच्या तळाचे आहे. वाळूच्या तळावर नाव घासली जाते, परंतु कातळावर ती आपटते. इस्लापूर परिसरात खडकाळ भाग व डोह आलटून-पालटून येतात. घर्षण सोसणारी सामग्री आघातही सोसेलच असे नाही. तिसरी बाब प्रवाहाची. वरच्या अंगास ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाचे इसापूर धरण आहे (नामसाधर्म्यामुळे इस्लापूर व इसापूर यांची गल्लत होऊ नये). धरणातून विसर्ग सोडल्यावर पात्रातील पाणी कमी वेळात वाढते. अशा वेळी नाव चटकन काठावर ओढून घेता येणे हीच तिची सुरक्षितता असते. म्हणून वजन हा येथे दुय्यम निकष नव्हे.

२. परंपरेतील निकष

सामग्रीचा विचार गुणधर्मांच्या आधारे करण्याची दृष्टी आपल्या परंपरेत जुनी आहे. अकराव्या शतकातील राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात नौकेस योग्य लाकडांचे चार वर्ग सांगितले आहेत. वर्गांना दिलेली नावे तत्कालीन समाजरचनेतील असली, तरी वर्गीकरणाचा आधार लाकडाचा हलकेपणा-जडपणा व मृदुता-कठीणता हा आहे. निरनिराळ्या वर्गांची लाकडे एकाच नौकेत मिसळू नयेत, असेही त्यात बजावले आहे. आजच्या काष्ठविज्ञानाच्या दृष्टीने या सूचनेचा अर्थ लावता येतो : दोन भिन्न लाकडे ओलाव्याने कमीअधिक फुगतात व आक्रसतात, त्यामुळे त्यांच्यातील सांधा टिकत नाही.

सागवानाची कीर्ती मुंबईच्या गोदीने जगभर नेली. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली तेथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. सागातील नैसर्गिक तेल बुरशी व वाळवी यांना रोखते. ओक लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे खाल्ले जातात, तसे सागात होत नाही. शिवाय सागाचे फुगणे-आक्रसणे तुलनेने कमी असते. उन्हात पडून राहणाऱ्या नावेसाठी हा गुण विशेष महत्त्वाचा आहे.

किनवटचे जंगल सागासाठी प्रसिद्ध आहे. तथापि जंगल जवळ आहे म्हणून लाकूड सहज उपलब्ध आहे, असा अर्थ काढता येत नाही. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ नुसार साग व मोह हे अनुसूचित वृक्ष असून परवानगीवाचून ते तोडता येत नाहीत. लाकडाच्या वाहतुकीसही वनविभागाचा परवाना लागतो. त्यामुळे सागवानी नाव आज खर्चिक व कागदपत्रांच्या दृष्टीने किचकट ठरते. लाकडाची जागा लोखंडी पत्रा व फायबर यांनी घेतली, त्यामागे हेही एक कारण आहे.

३. उपलब्ध पर्याय व त्यांचे गुणदोष

*मरीन प्लायवूड* : भारतीय मानक आयएस ७१० प्रमाणे तयार केलेले प्लायवूड उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या डिंकाने जोडलेले असते. मोठे ताव वापरल्याने सांधे कमी होतात व उन्हात आक्रसण्याचा त्रास बराच घटतो. मात्र कापलेली कड उघडी राहिल्यास तेथून पाणी शिरते. म्हणून कडा इपॉक्सीने बंद करणे व सांध्यांवर काचतंतूची पट्टी चढविणे अनिवार्य आहे. फर्निचरचे साधे प्लायवूड स्वस्त पडते म्हणून वापरणे हे फसव्या बचतीचे उदाहरण होय.

*लोखंडी पत्रा* : वेल्डिंग करणारा कारागीर तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावी असतो, हे या सामग्रीचे सर्वांत मोठे बळ आहे. कातळावर आपटल्यास पत्रा चेमटतो, सहसा फुटत नाही. परंतु तो जड असतो आणि पाण्याच्या रेषेजवळ तसेच आतल्या तळात साचलेल्या पाण्याखाली गंजतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा घेतला तरी वेल्डिंगच्या जागी मुलामा जळून जातो. त्या जागी रंगाचे संरक्षण पुन्हा न दिल्यास गंजाची सुरुवात तेथूनच होते.

*अ‍ॅल्युमिनियम* : ५०८३ यांसारख्या सागरी उपयोगाच्या मिश्रधातूची नाव हलकी व दीर्घायुषी असते. तथापि तिचे वेल्डिंग आरगॉन वायूच्या आवरणात करावे लागते. ही सोय खेड्यात सहसा नसते. भांड्यांचा पत्रा आणि नावेचा मिश्रधातू यांतील भेदही लक्षात घेतला पाहिजे.

*काचतंतू व रेझिन, म्हणजेच फायबर (एफआरपी)* : हलकेपणा, न कुजणे, न गंजणे आणि सांधेरहित बांधा हे याचे गुण आहेत. उघड्या कातळावर घासल्याने वरचा गुळगुळीत थर निघून जातो व तंतू उघडे पडतात. तेथून पाणी थरांमध्ये झिरपते. दुरुस्ती अवघड नाही. खराब भाग घासून काढणे, पूर्ण वाळविणे आणि रेझिनमध्ये भिजविलेली काचतंतूची चटई थरांनी बसविणे, इतकीच ती प्रक्रिया आहे. परंतु पॉलिएस्टर रेझिन व ते घट्ट करणारे रसायन यांचे प्रमाण चुकल्यास सर्व श्रम वाया जातात. मराठवाड्यातील उन्हाळ्यात भर दुपारी रेझिन हातातच घट्ट होते, तर पावसाळी दमट हवेत थर नीट चिकटत नाहीत. सकाळच्या वेळी, कोरड्या हवेत, थोडेथोडे मिश्रण करून काम करणे हाच त्यावरील उपाय आहे.

*लाकूड व फायबर यांचा संयोग* : कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाचे स्वस्त लाकूड रसायनप्रक्रिया करून व त्यावर फायबरचे आवरण चढवून लहान होड्यांसाठी उपयोगात आणले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौदलाच्या शिडाच्या नौकेचा बांधाही देवदारासारख्या हलक्या रेड सीडार लाकडाच्या पट्ट्या, इपॉक्सी व काचतंतू यांचा आहे. याच नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. लहान डोंगा व महासागरी नौका या दोन टोकांना एकच तत्त्व लागू पडते, ही बाब लक्षणीय आहे : लाकूड आकार व उत्प्लावकता देते, आवरण पाणी रोखते.

*एचडीपीई प्लास्टिक* : हे पाण्याहून किंचित हलके असून घर्षण उत्तम सोसते. उन्हापासून रक्षणासाठी त्यात काजळी मिसळलेली असावी लागते. त्यास गोंद चिकटत नाही, त्यामुळे दुरुस्ती उष्णतेने सांधूनच करावी लागते.

*थर्माकोल* : मराठवाड्यातील अनेक जलाशयांवर थर्माकोलचे तराफे दिसतात. छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) जिल्ह्यातील भिव धानोरा येथील मुले जायकवाडीच्या फुगवट्याचे पाणी थर्माकोलवर बसून ओलांडतात व शाळेत जातात, हे २०२२ मध्ये उघड झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. थर्माकोल बुडत नाही हे खरे, परंतु न बुडणे आणि न उलटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तराफा शेवटपर्यंत तरंगत राहतो; त्यावरचा माणूस मात्र पाण्यात पडतो. थर्माकोलचे खरे स्थान माणसाच्या खाली नसून बांध्याच्या आत आहे.

४. एका नावेचे गणित

उपरोक्त गुणदोषांना आकड्यांचा आधार देण्यासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. सपाट तळाची एक चौकोनी नाव कल्पावी. लांबी ५ मीटर, रुंदी १.२ मीटर, बाजूंची उंची ४५ सेंटीमीटर. तिच्या तळाचे क्षेत्रफळ ६ चौरस मीटर व चारही बाजूंसह एकूण पृष्ठभाग सुमारे ११.६ चौरस मीटर होतो. आतील आडवे वासे, बाके इत्यादी सोडून केवळ बांध्याचे वजन आणि तो पूर्णतः पाण्याखाली गेल्यावरची स्थिती पुढील तक्त्यात दर्शविली आहे. शेवटच्या स्तंभातील अधिक चिन्ह म्हणजे तितके किलो वजन तोलून धरण्याची शक्ती. उणे चिन्ह म्हणजे तितक्या वजनाने खाली ओढले जाणे. लाकूड व प्लायवूड यांचे आकडे कोरड्या स्थितीतील आहेत. पाणी शोषल्यावर त्यांची शक्ती कमी होते.

तक्ता क्र. १

| सामग्री | जाडी (मिमी) | वजन (किलो, सुमारे) | पाण्याखाली (किलो, सुमारे) |
|---|---|---|---|
| सागवानी फळी | २५ | १८८ | +१०२ |
| मरीन प्लायवूड | १२ | ९७ | +४२ |
| लोखंडी पत्रा | ३ | २७३ | −२३८ |
| अ‍ॅल्युमिनियम | ३ | ९४ | −५९ |
| फायबर (एफआरपी) | ५ | ९३ | −३५ |
| एचडीपीई | १२ | १३२ | +७ |

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ही नाव १ सेंटीमीटर खाली गेली की ६० किलो वजन तोलते. प्रत्येकी ६० किलोचे सहा प्रवासी बसल्यास लोखंडी नाव सुमारे १०.५ सेंटीमीटर व फायबरची नाव सुमारे ७.५ सेंटीमीटर पाण्यात जाईल. म्हणजे सुरळीत चालणाऱ्या नावेत दोहोंमधील फरक अवघा ३ सेंटीमीटर आहे. यामुळेच लोखंडी नाव वापरणाऱ्यास तिचा दोष सहसा जाणवत नाही. तो जाणवतो दोन प्रसंगी : नाव काठावर ओढताना आणि नाव पाण्याने भरल्यावर. पहिल्या प्रसंगी १८० किलो अधिक ओझे उचलावे लागते. दुसऱ्या प्रसंगी तीच नाव प्रवाशांना धरून ठेवण्याऐवजी तळाशी जाते.

५. पाण्याने भरलेली नाव

सामग्रीच्या निवडीतील सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे. जुनी लाकडी नाव पाण्याने भरली तरी काठोकाठ तरंगत राही आणि लोक तिला धरून राहत. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम व फायबर यांनी हा गुण गमावला. नवी सामग्री स्वीकारली गेली, परंतु जुन्या सामग्रीने न सांगता दिलेले संरक्षण वेगळे विकत घ्यावे लागते, याचा विसर पडला.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही. पाण्यात असलेल्या व नावेस धरून राहिलेल्या माणसाचे डोके वर राहण्यासाठी सुमारे १० किलोचा आधार पुरेसा धरला, तर सहा जणांसाठी ६० किलो लागतात. वरील लोखंडी नावेस त्यासाठी एकूण सुमारे ३०० लिटर आकारमानाचा हलका फोम बसवावा लागेल, तर फायबरच्या नावेस सुमारे १०० लिटर पुरेल. इंजिन बसविल्यास त्याच्या वजनाचा हिशेब वेगळा धरावा. केवळ हवेचा बंद कप्पा ठेवला तर तो एका छिद्राने निकामी होतो. फोमचे तसे होत नाही. पेट्रोल तसेच पॉलिएस्टर रेझिन यांच्या संपर्काने थर्माकोल विरघळतो. म्हणून इंजिनाच्या नावेत किंवा फायबरच्या थरांखाली पॉलियुरेथेन फोम वापरणे इष्ट.

फोम कोठे बसवावा, हेही महत्त्वाचे आहे. तो सर्वस्वी तळाखाली बसविल्यास भरलेली नाव उलटी होण्याकडे कल राहतो. तो दोन्ही बाजूंना, वरच्या काठालगत, बाकांखाली विभागून बसविल्यास भरलेली नाव सरळ राहते.

येथे सामग्रीची मर्यादाही नोंदविली पाहिजे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात नाव उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वादळ, अतिभार व जीवरक्षक जाकिटांचा अभाव यांवर कोणतीही सामग्री हा उपाय नव्हे. योग्य बांधा अपघाताची तीव्रता कमी करतो. अपघात टाळण्याची जबाबदारी नावाडी, प्रवासी व प्रशासन यांचीच राहते. १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ मध्ये यंत्रचलित जलयानांची नोंदणी व तपासणी यांची तरतूद आहे. गावपातळीवर तिची माहिती पोहोचणे आवश्यक आहे.

६. दुरुस्तीचा निकष

नावेचे आयुष्य कारखान्यात ठरत नाही, ते दुरुस्तीच्या ठिकाणी ठरते. ऐन पावसाळ्यात तळास भेग पडली आणि कारागीर शंभर किलोमीटरवर असला, तर नावाडी चिंध्या व डांबर भरून ती चालवीत राहतो. अशा तात्पुरत्या उपायांतूनच पुढील अपघात घडतो. म्हणून जी सामग्री स्थानिक कारागिरास ठाऊक आहे, ती कागदावर कमी गुणवान असली तरी व्यवहारात अधिक सुरक्षित ठरू शकते. त्याचबरोबर नवे कौशल्य शिकविणेही शक्य आहे. फायबरची दुरुस्ती हे काही दिवसांत शिकता येणारे काम आहे. रेझिन, चटई व घट्ट करणारे रसायन यांचा लहान संच मच्छीमार सहकारी संस्थेत ठेवल्यास फायबरच्या नावेवरील मुख्य आक्षेप दूर होतो.

येथे महाविद्यालयांनाही वाव आहे. नावेचे आकारमान घेऊन तिची भारक्षमता व आवश्यक फोम काढणे हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहज जमणारा प्रकल्प आहे. रेझिनचे प्रमाण व तापमान यांचा संबंध रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तपासता येतो. नावेच्या बाजूवर सुरक्षित भाराची रेषा रंगविणे, एवढे छोटे कामही नदीकाठच्या गावास मोलाचे ठरेल.

निष्कर्ष

१. इस्लापूर परिसरातील पैनगंगेसाठी गोडे पाणी, खडकाळ तळ, दीर्घ कोरडा काळ व पाण्याची आकस्मिक वाढ या चार बाबी सामग्रीची निवड ठरवितात. किनारपट्टीचे निकष येथे तसेच्या तसे लागू होत नाहीत.

२. डोहातील मासेमारीसाठी, दोन माणसांनी उचलता येईल अशी लहान नाव मरीन प्लायवूडवर फायबरचे आवरण चढवून बांधणे हा समतोल पर्याय दिसतो. मात्र ती सावलीत व उलटी ठेवण्याची शिस्त पाळली पाहिजे.

३. प्रवासी वाहतुकीसाठी काठालगत फोम बसविलेली फायबरची नाव श्रेयस्कर आहे. तळाच्या कातळावर घासणाऱ्या भागाखाली बदलता येण्याजोग्या लाकडी पट्ट्या द्याव्यात.

४. लोखंडी नाव वापरात असल्यास ती टाकून देण्याची आवश्यकता नाही. वर दर्शविलेल्या हिशेबाने तीत फोम बसविणे हा तुलनेने कमी खर्चाचा व तातडीने करण्याजोगा उपाय आहे.

५. थर्माकोलचा मोकळा तराफा प्रवासाचे साधन म्हणून कोणत्याही परिस्थितीत स्वीकारार्ह नाही. जेथे तो वापरला जातो, तेथे उणीव नावेची व पुलाची असते, ही गोष्ट नियोजनकर्त्यांनी ध्यानात घ्यावी.

सारांश, नावेसाठी उत्तम सामग्री कोणती या प्रश्नास सर्वत्र लागू पडणारे एक उत्तर नाही. नदी, नावाडी व कारागीर यांचा एकत्रित विचार करूनच ते मिळते. नाव पाण्याने भरल्यानंतरही जी सामग्री माणसास आधार देते आणि गावातच दुरुस्त होते, तीच त्या गावासाठी योग्य होय.